बदलाआधीची प्रत

संगणकाच्या यंत्रणेत हात घालण्याआधी चालू मांडणीची प्रत काढून ठेवायची, हा शिरस्ता जवळजवळ संगणकाइतकाच जुना आहे. कागदपत्रे, हिशेब, फोटो यांचा बॅकअप ही वेगळी गोष्ट; त्यात माणसाने केलेले काम जपले जाते. मांडणीच्या, म्हणजे सेटिंगच्या, प्रतीत यंत्राचे चालतेपण जपले जाते. हरवलेले पत्र कोणते होते हे निदान आठवते तरी. बिघडलेले सेटिंग आधी काय होते हे बहुतेक वेळा कोणालाच सांगता येत नाही, कारण ते एका दिवसात घडलेले नसते. कधी प्रिंटर जोडताना, कधी नवे सॉफ्टवेअर टाकताना, कधी कोणी जाणकार येऊन गेला म्हणून, असे थोडे थोडे बदलत ते वर्षभरात त्या जागी आलेले असते. ‘काल चालत होते’ एवढेच सगळ्यांना ठाऊक असते. ती ‘काल’ची अवस्था कोणती, ती कोणी नोंदवायची आणि कुठे ठेवायची, याची उत्तरे गेल्या सुमारे ऐंशी वर्षांत अनेकदा बदलली.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला आणि फेब्रुवारी १९४६मध्ये जगापुढे आलेला एनिॲक हा पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एक. त्यात आजच्या अर्थाने प्रोग्रॅम साठवण्याची सोय सुरुवातीला नव्हती. केबल कुठून कुठे जोडायच्या आणि खटके कोणत्या आकड्यावर ठेवायचे, हाच त्याचा प्रोग्रॅम आणि हेच त्याचे सेटिंग. नवे गणित लावायचे तर आधीची जोडणी उपसावी लागे आणि नवी जोडणी पुरी व्हायला काही दिवसही जात. हे काम केले ते के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन या सहा तरुणींनी. जोडणीचे आराखडे कागदावर उतरवलेले असत. केबल एकदा उपसली की जुनी अवस्था त्या कागदाखेरीज कुठेही उरत नसे. सेटिंगची पहिली प्रत ही अशी कागदी होती, आणि ती काढायला माणसाचा हातच लागत होता.

कार्यालयांतल्या हिशेबयंत्रांनी याहून सोयीची वाट काढली. आयबीएमची ४०२ आणि ४०७ ही यंत्रे १९४०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. छिद्रांकित कार्डे वाचून ती पगारपत्रके, बिले आणि खतावण्या छापत. कोणत्या रकान्यातला आकडा कुठे छापायचा, कशात मिळवायचा, हे एका भोकाभोकांच्या फळीवर वायरी खोचून ठरवले जाई. ही फळी यंत्रातून काढता-घालता येई, आणि तिचे खरे मोल त्यातच होते. पगाराची फळी एकदा नीट जुळली की ती मोडायची नाही. तशीच काढून, वर पत्र्याचे झाकण लावून फडताळात ठेवायची आणि बिलांसाठी दुसरी फळी घ्यायची. वायरी दोन प्रकारच्या असत. काही सहज निघणाऱ्या, तर काही इतक्या घट्ट बसणाऱ्या की त्या काढायला खास हत्यार लागे. कायमच्या फळ्यांसाठी अर्थातच दुसऱ्या प्रकारच्या वापरत. महिनाअखेरीला कोणी घाईघाईने पगाराच्या फळीतली एखादी वायर दुसऱ्या कामासाठी ओढू नये, हा त्यामागचा हेतू. प्रत नुसती असून भागत नाही, ती बदल करणाऱ्या हातांच्या आवाक्याबाहेर असावी लागते, हे ज्ञान त्या पत्र्याच्या झाकणात आहे. पुढे चाळीस-पन्नास वर्षांनीही अनेकांना ते नव्याने शिकावे लागले.

छिद्रांकित कार्डांचा आणि कागदी फितींचा काळ शब्दसंग्रहालाही काही देऊन गेला. फितीवर चुकीच्या जागी पडलेले भोक कागदाचे ठिगळ लावून बुजवत. सॉफ्टवेअरमधल्या दुरुस्तीला आज ‘पॅच’ म्हणतात तो शब्द तिथला. कार्डांचा गठ्ठा हातातून सुटून विस्कटला तर क्रम पुन्हा लावता यावा म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर तिरपी रेघ ओढून ठेवण्याची पद्धत होती. ८० रकान्यांच्या कार्डावरचे शेवटचे आठ रकाने क्रमांकासाठी राखून ठेवत. बदल करण्यापूर्वी कार्ड-नक्कल यंत्रावर सगळ्या गठ्ठ्याची दुसरी प्रत काढत आणि बदल त्या दुसऱ्या प्रतीत करत.

आयबीएमने १९६४ साली सिस्टिम/३६० ही संगणकांची मालिका जाहीर केली आणि मोठ्या संगणककेंद्रांत ही पद्धत शिस्तीत बांधली गेली. चुंबकीय फितींच्या तीन पिढ्या ठेवायच्या: आजची फीत ‘मुलगा’, आधीची ‘बाप’, त्याआधीची ‘आजोबा’. मुलगा नासला तर बाप, बापही नासका निघाला तर आजोबा. एकाच प्रतीवर विसंबू नये, कारण बिघाड लक्षात येईपर्यंत तो त्या प्रतीतही शिरलेला असतो, हे त्यामागचे साधे कारण. खुद्द सेटिंगच्या बाबतीत तर याहून सुटसुटीत सोय होती. यंत्रणा सुरू होताना ज्या संग्रहातून आपली मूल्ये वाचते, त्या संग्रहातल्या नोंदींच्या नावाअखेर दोन अंक असतात. चालू नोंद ‘००’ असेल तर अनुभवी माणूस तिला हात लावत नाही. तिची नक्कल ‘०१’ नावाने करतो, बदल तिच्यात करतो आणि यंत्रणा सुरू करताना ‘०१’ वापर असे सांगतो. काही बिनसले तर पुन्हा सुरू करताना ‘००’ सांगायचे, की जैसे थे. दुरुस्त्या बसवण्याच्या साधनातही हेच तत्त्व होते. दुरुस्ती आधी चालू संग्रहात लावायची, काही काळ ती पारखायची आणि खात्री पटल्यावरच मूळ संग्रहात स्वीकारायची. तोपर्यंत मूळ संग्रहातून जुने रूप परत आणता येई. लावणे आणि स्वीकारणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, हे इतक्या स्पष्टपणे नंतरच्या फार थोड्या यंत्रणांनी मांडले.

युनिक्सचा जन्म १९६९मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांच्या या यंत्रणेत बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असे, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या फाइली ‘ईटीसी’ नावाच्या एका कप्प्यात. याचा फायदा फार मोठा होता. सेटिंग डोळ्यांना वाचता येई आणि त्याची प्रत काढायला कोणतेही खास साधन लागत नसे. फाइलीची नक्कल शेजारीच ठेवायची आणि नावाला ‘.ओरिग’, ‘.बॅक’ किंवा ‘.ओल्ड’ असे शेपूट जोडायचे, एवढेच. १९७०च्या दशकात दोन फाइलींतला फरक ओळ-ओळ दाखवणारी ‘डिफ’ ही आज्ञा आली, आणि जुनी प्रत ही परतीची वाट तर होतीच, आता काय बदलले हे सांगणारी साक्षीदारही झाली. मार्क रॉचकाइंड यांनी १९७२मध्ये बेल प्रयोगशाळेत आणि वॉल्टर टिची यांनी १९८०च्या दशकाच्या आरंभी पर्ड्यू विद्यापीठात प्रोग्रॅमच्या आवृत्त्या जपणारी साधने बनवली. ती होती प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी. पण यंत्रणा सांभाळणाऱ्यांनी ती सेटिंगच्या फाइलींसाठीही वापरायला घेतली.

शेजारी ठेवलेल्या प्रतीचे धोकेही याच जगात उघडे पडले. काही प्रोग्रॅम एका कप्प्यातल्या झाडून सगळ्या फाइली सेटिंग म्हणून वाचतात. तिथे ठेवलेली ‘.बॅक’ प्रतही वाचली जाते आणि जुने-नवे सेटिंग एकदमच लागू होते. वेबसर्व्हरवर तर याहून वाईट होते. पासवर्ड असलेल्या सेटिंगच्या फाइलीला ‘.बॅक’ जोडले की सर्व्हर तिला प्रोग्रॅम न समजता साधा मजकूर समजतो आणि मागेल त्याला वाचायला देतो. म्हणून प्रत कप्प्याबाहेर, आणि मूळ फाइलीइतक्याच कडेकोट परवानगीने ठेवायची, हा नियम या लोकांत रूढ झाला.

घरोघरी आणि दुकानोदुकानी पोहोचलेल्या छोट्या संगणकाची गोष्ट निराळी होती. आयबीएमच्या १९८१च्या पीसीमध्ये मेमरी किती, फ्लॉपी किती, पडदा कोणता, हे आतल्या मदरबोर्डवरच्या आठ-आठ बारीक खटक्यांच्या दोन पट्ट्यांवर ठरवावे लागे. ते पेनाच्या टोकाने वर-खाली करायचे. त्याआधी त्यांची स्थिती कागदावर काढून घ्यायची, की काम झाले. १९८४च्या पीसी-एटीमध्ये खटके मागे पडले आणि सेटिंग एका चिपमध्ये गेले. घड्याळ आणि सेटिंग मिळून त्या चिपमध्ये अवघे ६४ बाइट होते, आणि त्यांतले १४ घड्याळाचे. उरलेल्या ५० बाइटांवर यंत्राचे चालणे अवलंबून, आणि ते ५० बाइट एका बॅटरीवर. बॅटरी संपली की संगणक तारीख विसरे, आणि आपल्यात हार्ड डिस्क आहे हेही विसरे. डिस्कवरचा सारा मजकूर जागच्या जागी. पण तिचे सिलिंडर किती, हेड किती, सेक्टर किती, हे यंत्राला कोणी सांगितल्याशिवाय ती उघडत नसे. जाणते तंत्रज्ञ हे तीन आकडे चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवत. वर्षा-दोन वर्षांनी झाकण उघडणारा माणूस दुसराच असे, आणि त्याचे अर्धे काम ती चिठ्ठी करी. पुढे नॉर्टन युटिलिटीजसारख्या साधनांनी हेच आकडे ‘रेस्क्यू’ फ्लॉपीवर उतरवून ठेवायची सोय केली.

डॉसच्या काळात सेटिंगचा भार ‘कॉन्फिग.सिस’ आणि ‘ऑटोएक्झेक.बॅट’ या दोन फाइलींवर होता. माउस, सीडी, साउंड कार्ड, ज्याला त्याला या फाइलींत आपली ओळ हवी असे. ६४० किलोबाइट मेमरीत सगळे बसवायचे म्हणून ओळींचा क्रमही महत्त्वाचा ठरे. नवे सॉफ्टवेअर बसताना या फाइली बदलत असे, आणि जरा सभ्य असेल तर जुन्या फाइलीची ‘.बॅक’ प्रत ठेवत असे. डॉसमध्ये नावाचे शेपूट तीनच अक्षरांचे, आणि बहुतेकांना ‘बॅक’ हेच सुचे. पहिले सॉफ्टवेअर बसले तेव्हा चांगली फाइल ‘.बॅक’ झाली. दुसरे बसले तेव्हा पहिल्याने बिघडवलेली फाइल ‘.बॅक’ झाली आणि चांगली पुसली गेली. पुढचे पाठ, मागचे सपाट. म्हणून कोणी ‘.ओल्ड’ वापरले, कोणी ‘.००१’, ‘.००२’ असे क्रमांक दिले. १९९३च्या डॉस ६मध्ये मेमरीची मांडणी सुधारणारे ‘मेममेकर’ हे साधन आले. ते दोन्ही फाइली बदलण्यापूर्वी त्यांच्या प्रती ‘.यूएमबी’ या वेगळ्या शेपटाने ठेवत असे आणि एका आज्ञेत सगळे पूर्ववत करत असे. संगणक सुरू होताना एफ-५ दाबले तर दोन्ही फाइली न वाचताच पुढे जायचे, ही सोयही त्याच आवृत्तीतली. त्याआधी या फाइलींत एक चुकीची ओळ पडली तर स्वतंत्र बूट फ्लॉपीशिवाय दार उघडत नसे. ती आधी करून ठेवलेली असली तर ठीक. नसली तर दुसऱ्याचा संगणक शोधत जावे लागे.

याच वर्षी, जुलै १९९३मध्ये, विंडोज एनटी आले आणि त्यात रजिस्ट्री आली. विखुरलेल्या फाइलींऐवजी सगळे सेटिंग एका कोठारात, आणि ते कोठार साध्या मजकुराचे नाही. वाचायला, बदलायला खास साधन हवे. युनिक्सवाल्यांची ‘शेजारी नक्कल ठेवा’ ही पद्धत इथे लागू पडेना. चालू यंत्रणेत त्या फाइली उघड्या असल्याने त्यांची सरळ प्रतही काढता येईना. म्हणून प्रत काढण्याचे काम यंत्रणेनेच अंगावर घेतले. एनटीमध्ये ‘शेवटची चालती मांडणी’ वेगळी जपली जाई. संगणक सुरू होताना ठराविक क्षणी स्पेसबार दाबला की तिच्यावर परतता येई. प्रश्न होता तो ‘चालती’ या शब्दाचा. यंत्रणेच्या लेखी, माणसाने पासवर्ड देऊन आत प्रवेश केला की मांडणी चालती ठरली आणि जुनी प्रत बदलली. आत गेल्यावर पाच मिनिटांनी पडदा निळा पडला, तरी तोवर बिघडलेली मांडणीच ‘चालती’ म्हणून नोंदलेली असे. त्यामुळे गडबड वाटली तर पासवर्ड न देताच यंत्र पुन्हा सुरू करावे, हे या प्रणालीवर काम करणाऱ्यांनी शिकून घेतले.

ऑगस्ट १९९५च्या विंडोज ९५ने रजिस्ट्री घरात आणली. तिच्या ‘सिस्टिम.डॅट’ आणि ‘युजर.डॅट’ या दोन फाइली. संगणक नीट सुरू झाला की त्यांची प्रत ‘.डीए०’ या शेपटाने निघे. प्रत एकच, आणि दर वेळी नवी. डॉसमधल्या ‘.बॅक’ची चूक इथे यंत्रणेने स्वतःच केली: दोनदा संगणक सुरू केला की चांगली प्रत गेली. तीन वर्षांनी विंडोज ९८मध्ये ही चूक सुधारली. दिवसातून एकदा, पहिल्यांदा संगणक सुरू होताना, रजिस्ट्री तपासली जाई. ती निर्दोष असेल तर तिची दाबून लहान केलेली प्रत वेगळ्या कप्प्यात जाई, आणि अशा पाच प्रती राखल्या जात. डॉसच्या काळ्या पडद्यावर ‘स्कॅनरेग’ या साधनाला पूर्ववत करण्याची आज्ञा दिली की पाच तारखा समोर येत, त्यांतली एक निवडायची. मोठ्या संगणककेंद्रातले मुलगा, बाप आणि आजोबा असे तीस वर्षांनी घरच्या संगणकात राहायला आले. या सगळ्या साधनांत हे सर्वांत साधे आणि सर्वांत भरवशाचे होते. पडद्यावरची खिडक्यांची सजावट उठली नाही तरी ते चालत असे, कारण ते त्या सजावटीवर अवलंबूनच नव्हते.

सप्टेंबर २०००मध्ये आलेल्या विंडोज मीमध्ये आणि २५ ऑक्टोबर २००१ला आलेल्या विंडोज एक्सपीमध्ये ‘सिस्टिम रिस्टोर’ आले. रजिस्ट्रीबरोबर यंत्रणेच्या फाइलींचीही स्थिती नोंदवायची, नवा ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर बसण्याआधी आपोआप ‘रिस्टोर पॉइंट’ तयार करायचा, आणि कॅलेंडरवरची तारीख निवडून मागे जायचे, अशी ही योजना. एक्सपीमध्ये डिस्कचा १२ टक्क्यांपर्यंतचा भाग तिच्यासाठी राखलेला असे, आणि ९० दिवसांपेक्षा जुने पॉइंट काढून टाकले जात. कल्पना उत्तम होती. आचरणात दोन ठेचा लागल्या. पहिली विंडोज मीमध्ये. तारखेच्या हिशेबातल्या चुकीमुळे ८ सप्टेंबर २००१नंतरचे पॉइंट परत लावता येत नसत. पॉइंट तयार होत, यादीत दिसत. पण वेळेवर उपयोगी पडत नसत. दुसरी ठेच विषाणूंची. संक्रमित फाइलीचीही इमानाने प्रत निघे, आणि तो राखीव कप्पा साध्या हाताने साफ करता येत नसे. म्हणून विषाणू काढताना सिस्टिम रिस्टोर आधी बंद करा, असा सल्ला विषाणूरोधक सॉफ्टवेअरवाले देऊ लागले. बंद केले की आधीचे सगळे पॉइंट जात, आणि पुन्हा चालू करायची आठवण फार थोड्यांना राही.

महाराष्ट्रातल्या गल्लोगल्लीच्या दुरुस्ती दुकानांत त्या काळी परतीच्या वाटेपेक्षा ‘फॉरमॅट मारणे’ हाच उपाय जास्त चालला. डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणे दुकानदाराला वेळेचे आणि पैशाचे गणित म्हणून परवडे. गिऱ्हाइकाचे फोटो आणि फाइली दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्या जात, सेटिंग जाई. मराठीत काम करणाऱ्याला त्याची झळ जास्त बसे. एक्सपीमध्ये देवनागरी नीट दिसण्यासाठी भारतीय लिप्यांची सोय वेगळी चालू करावी लागे आणि तेव्हा विंडोजची सीडी घालावी लागे. छपाईच्या कामाचे मराठी फाँट आणि कळफलकाची आवडीची मांडणी यांची बसवणी पुन्हा पहिल्यापासून. घरातला संगणक ‘नीट’ होऊन आला तरी त्यावर मराठी उमटायला आणखी एक दिवस जाई.

रजिस्ट्रीत हाताने बदल करणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टच्या साहाय्यलेखांत एक सूचना ठरून गेली: आधी रजिस्ट्रीची प्रत घ्या. ती घेण्याचा सोपा मार्ग म्हणजे हव्या त्या भागाची ‘.रेग’ फाइल बाहेर काढणे. ही फाइल मजकुराची असते, उघडून वाचता येते. पण ती परत घातली की ती चालू नोंदींत मिसळते, त्यांची जागा घेत नाही. बदललेली मूल्ये जुनी होतात, पुसलेली परत येतात. नव्याने घातलेल्या नोंदी मात्र तशाच राहतात. बिघाड नव्या नोंदीमुळे झालेला असेल तर ‘.रेग’ परत घालूनही तो जात नाही. ती नोंद हाताने काढावी लागते. प्रत आहे आणि ती बरोबरही आहे, तरी पूर्ववत होत नाही, असा अनुभव येतो त्याचे कारण बहुधा हेच असते.

दूरच्या यंत्रांच्या बाबतीत हा शिरस्ता सर्वांत कसाला लागला. इंटरनेटच्या वाटा ठरवणारे राउटर बहुधा दुसऱ्या गावात, कुलूपबंद खोलीत असतात, आणि त्यांचे सेटिंग त्यांच्याच तारेवरून बदलायचे असते. चुकीची एक ओळ गेली की ती तार तुटते आणि चूक सुधारायची वाटही तिच्याबरोबर जाते. सिस्कोच्या राउटरमध्ये दोन सेटिंगे असतात: एक चालू, मेमरीतले, दुसरे वीज गेल्यावरही टिकणारे, सुरू होताना वाचले जाणारे. चालू सेटिंग जपून ठेवण्याची आज्ञा दिल्याशिवाय दुसरे बदलत नाही. त्यावरून एक युक्ती निघाली. बदलाआधी राउटरला सांगून ठेवायचे: दहा मिनिटांनी स्वतः पुन्हा सुरू हो. मग बदल करायचा. सगळे ठीक असेल तर ती आज्ञा रद्द करून नवे सेटिंग जपायचे. तार तुटली तर घड्याळाकडे बघत बसायचे. दहा मिनिटांनी राउटर उठतो आणि जुने सेटिंग वाचून पुन्हा भेटतो. ज्युनिपर कंपनीने १९९८पासूनच्या आपल्या प्रणालीत ही युक्ती पद्धतच करून टाकली. बदल आधी मसुद्यात होतात. लागू करताना ‘पुष्टीसह’ लागू केले तर दहा मिनिटांत पुष्टी न मिळाल्यास जुने सेटिंग आपोआप परत येते, आणि मागची पन्नासपर्यंत सेटिंगे क्रमांकाने उपलब्ध राहतात. माणूस गप्प राहिला तर मागे फिरायचे, हा या मांडणीचा गाभा. एनटीच्या ‘चालती’च्या व्याख्येपेक्षा ती कितीतरी शहाणी आहे.

सर्व्हरच्या जगात २००५नंतर प्रती मोजणेच मागे पडले. त्या वर्षी लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी गिट हे आवृत्त्या जपणारे साधन लिहिले. जोई हेस यांच्या २००७च्या ‘ईटीसीकीपर’ने ईटीसीचा अख्खा कप्पा अशा आवृत्ती-साधनात घातला, नवे सॉफ्टवेअर बसण्यापूर्वी आणि बसल्यानंतर नोंद आपोआप होऊ लागली. सन मायक्रोसिस्टिम्सच्या झेडएफएस या फाइलप्रणालीने आणि नंतर लिनक्सवरच्या बीटीआरएफएसने डिस्कचे क्षणचित्र काही सेकंदांत, नवी जागा फारशी न खाता काढायची सोय दिली. ओपनसुसे या लिनक्स प्रणालीने २०११मध्ये ‘स्नॅपर’ आणून प्रत्येक बदलाच्या आधीचे आणि नंतरचे क्षणचित्र ठेवायला सुरुवात केली. निक्सओएस ही दुसरी लिनक्स प्रणाली आणखी पुढे गेली. त्यात संपूर्ण यंत्रणेचे वर्णन एका फाइलीत असते, प्रत्येक बदलाने नवी पिढी तयार होते आणि जुन्या पिढ्या सुरुवातीच्या यादीत निवडीसाठी उभ्या असतात. २०१६च्या अँड्रॉइड ७मध्ये फोनसाठी दोन कप्प्यांची सोय आली: नवी आवृत्ती रिकाम्या कप्प्यात बसते, आणि ती उठली नाही तर फोन जुन्या कप्प्यावरून सुरू होतो. फोन वापरणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

इतके असूनही मोठे अपघात झाले. ब्रिटनच्या आरबीएस बँकेत जून २०१२मध्ये रात्रीच्या कामांचा क्रम लावणारे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर नेले गेले. काही अनियमितता दिसल्यावर ते मागे घेतले. पण मागे घेण्याचे परिणाम आधी तपासलेले नव्हते. मूळ बदलापेक्षा हे परतणेच महागात पडले. ६५ लाखांवर ग्राहकांना त्रास झाला आणि २०१४मध्ये नियामकांनी बँकेला ५.६ कोटी पौंडांचा दंड केला. मागे जाणे हाही एक बदलच असतो, आणि त्याचीही तालीम लागते. ४ ऑक्टोबर २०२१ला फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास बंद पडले. देखभालीच्या एका आज्ञेने कंपनीच्या अंतर्गत जाळ्याच्या जोडण्या तुटल्या. दुरुस्ती काय करायची हे कळूनही यंत्रांपर्यंत पोहोचायची वाट त्याच जाळ्यातून जात होती. शेवटी माणसांना प्रत्यक्ष केंद्रांत जावे लागले.

१९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने पाठवलेल्या एका सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी फाइल गेली आणि ७८ मिनिटांत ती मागे घेतली गेली; पण अडकलेले संगणक नेटवर्कपर्यंत पोहोचण्याआधीच कोसळत होते. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. उपाय होता एक फाइल पुसण्याचा, पण तो अनेक ठिकाणी प्रत्येक यंत्रासमोर बसून करावा लागला. ज्यांची डिस्क कुलूपबंद होती त्यांना आधी ४८ अंकी किल्ली शोधावी लागली. क्लाउडमधल्या यंत्रांसाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या उपायांत एक होता फाइल येण्याच्या वेळेआधीची प्रत परत लावण्याचा. ज्यांच्याकडे ती प्रत होती त्यांना त्याचा उपयोग झाला.

घरच्या संगणकांवर मात्र परिस्थिती उलट दिशेने गेली. विंडोज १०मध्ये सिस्टिम रिस्टोर बहुतेक ठिकाणी मुळात बंद असते. ते ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये जाऊन चालू करावे लागते. रजिस्ट्रीच्या प्रती पूर्वी ‘रेगबॅक’ नावाच्या कप्प्यात आपोआप पडत. डिस्कवरची जागा वाचावी म्हणून २०१८च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने हे थांबवले. कप्पा राहिला, फाइलींची नावे राहिली, ठरलेल्या वेळचे काम यशस्वी झाल्याची नोंदही काही काळ होत राहिली. फाइलींचा आकार मात्र शून्य. ही सोय पुन्हा सुरू करता येते. त्यासाठी रजिस्ट्रीत ‘एनेबल पीरिऑडिक बॅकअप’ ही एक नोंद हाताने घालावी लागते, आणि ती घालण्यापूर्वी रजिस्ट्रीची प्रत स्वतः काढून दुसऱ्या डिस्कवर ठेवावी लागते.